मागच्या भिंतीतलं भगदाड

मे महिन्यात आमच्या भागात एखाद्या झाडाखालची सावली रिकामी दिसली, की ती घटना आजही आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर शेतातून चोरीला गेलेलं धानाचं अख्खं पुंजणं, म्हणजे कापणीची गंजी, शोधून काढलं. पण कोणी एखादी केस सांगा म्हटलं, की मी हीच सांगतो. हिच्यात शेवटी कोणालाही अटक झाली नाही, त्यामुळे ऐकणारे जरा नाराज होतात.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं, माणसांचं, जमातीचं नाव इथे लिहीत नाही. हद्दीत धानाची शेती, जुने तलाव आणि मधूनमधून जंगल. गुन्हे ठरावीक होते. मोहाची दारू, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मारामाऱ्या, लग्नसराईत पळून गेलेली पोरंपोरी. खून क्वचित व्हायचा, आणि झालाच तर करणारा बहुधा स्वतःच कुऱ्हाड घेऊन ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायचा. तपास असा फारसा करावा लागत नसे.

त्या दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. एका गावचे पोलीस पाटील आले. साठीचे, तलावाखाली धानाची चांगली शेती असलेले गृहस्थ. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि ही गोष्ट ते पहिल्या पाच मिनिटांत कोणालाही ऐकवत. त्या दिवशी मात्र तलावाचा विषय निघाला नाही.

"साहेब, त्या वस्तीतला बुढा दिसून नाही राहिला."

"गावाला गेला असेल."

"पोरानं ग्रामसेवकाले सांगतलं, सोयऱ्याकडं गेला. मले सांगतलं, गोंदियाच्या दवाखान्यात हाय. आता एक माणूस दोन जागी कसा राहील, तुम्हीच सांगा. अन् घराची मागची भिंत फोडून ठेवली हाय. वरून पाल लावून झाकली. कायले झाकली?"

वस्तीविषयी थोडं सांगायला हवं. भटक्या-विमुक्तांसाठी सरकारी निधीतून एक वसाहत गावाबाहेर उभी राहिली होती. या जमातीचा पिढीजात धंदा पाट्यावरवंट्यांना आणि जात्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीचे ठोके देऊन खडबडीत करून, देण्याचा. मिक्सर आला आणि धंदा बसला. तरी लग्नात हळद दळायला जातं लागतंच, म्हणून हे लोक हातोडी-छिन्नी घेऊन गावोगाव फिरत आणि वर्षातून एकदा या गावाच्या माळावर पालं ठोकत. सरकारने तोच माळ त्यांच्या नावे करून घरं बांधून दिली. एका ओळीत सारखी घरं, पुढे एक दार, दोन खिडक्या, वर टिनाचं छप्पर. बांधणाऱ्यांनी घाई बरीच केली असावी, पण घरं उभी राहिली. पाण्याची टाकी, रस्ता आणि समाजमंदिर दुसऱ्या टप्प्यात व्हायचं होतं. त्यासाठी जिल्ह्याहून पाहणी समिती लवकरच यायची होती.

गावाला ही वस्ती नको होती. माळ म्हणजे गावाच्या गुरांची चराई. ती गेली. वसाहत दुसरीकडे हलवा, असा गावाचा अर्ज आधीच वर गेला होता. त्यात आता हे प्रकरण. घर म्हाताऱ्याच्या नावावर होतं, आणि घरासमोर त्याला उभं करून फोटो काढल्याशिवाय पुढचं काम होणार नव्हतं. ग्रामसेवक दोनदा फोटोसाठी जाऊन हात हलवत परत आला होता. गावात कुजबुज अशी, की मुलानेच घरासाठी बापाला संपवलं आणि घरातच पुरलं.

मला हे लगेच पटलं नाही, पण पोलीस पाटलांनी दिलेली खबर टोपलीत टाकता येत नाही. मी डायरीत नोंद घेतली आणि आमच्या जमादारांना घेऊन निघालो. जमादार म्हणजे आमचे सगळ्यात जुने हवालदार. माणूस अनुभवी, अंगाने भारदस्त, आणि निष्कर्षाला पोचण्यात माझ्यापेक्षा नेहमी दोन पावलं पुढे.

घराची मागची भिंत खरंच फोडलेली होती. पाल बाजूला केलं तर जमिनीलगत एक भगदाड. वाकून एक माणूस जाईल एवढं.

"साहेब, ही सरळसरळ घरफोडीची पद्धत," जमादार म्हणाले. "हातोडी-छिन्नीवाल्यांना काय अवघड?"

मी वाकून पाहिलं. घरफोडी करणारा बाहेरून भिंत फोडतो, विटा आत पडतात. इथे विटा बाहेर होत्या, आणि पडलेल्या नव्हत्या, रचलेल्या होत्या. एकावर एक, कडेला कड लावून. खून लपवायच्या घाईत असलेला माणूस विटांची अशी चळत लावत बसत नाही. मी भगदाडाच्या कडेची एक वीट धरून ओढली. ती सुद्धा हातात आली, मागे भुरभुर वाळू. त्या भिंतीला छिन्नी लावायची गरजच पडली नसणार. सिमेंट कुठे गेलं हा स्वतंत्र तपासाचा विषय होता आणि तो माझ्याकडे नव्हता.

वस्तीतल्या लोकांना विचारलं. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. म्हाताऱ्याची बायको दाराशी बसली होती. तिला दोनदा विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी बुढी बाई. मले नका इचारू, बाबा."

मुलाला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं.

चौकशी म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं टेबल आणि वर लोंबणारा दिवा येतो. आमच्याकडे टेबल होतं, दिव्याचा भरवसा नव्हता. माणूस ठाण्यात शिरतो कसा, यावरून मात्र मला बरंच कळायचं. पुढारी सरळ साहेबांच्या टेबलाकडे येतो. शेतकरी दारात थांबून आत कोणकोण आहे ते बघतो. हा मुलगा, म्हणजे चाळिशी उलटलेला माणूस, आला, चपला बाहेर काढल्या आणि कोणी काही न सांगता भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला. मी खुर्ची दाखवली.

"बरं हाय जी इथं," तो म्हणाला.

ही बैठक तो लहानपणीच शिकला असणार. आसपास कुठे चोरी झाली की आधी यांच्या पालांची झडती घ्यायची, ही आमच्या खात्याची जुनी सवय. बापाबरोबर तो अशा कित्येक भिंतींना टेकून बसला असेल.

जमादारांनी जबाबाचा कागद घेतला. नाव, वय, धंदा झालं. मग, "राहणार?"

"राहणार म्हंजे... पालात जी."

"अरे, आता घर दिलंय ना सरकारने?"

"दिलं जी. पण सरकारचं हाय. उद्या घेतलं त?"

जमादारांनी लिहिलं, राहणार फिरस्ता, हल्ली मुक्काम सदर वसाहत. ठाण्याच्या भाषेत 'हल्ली मुक्काम' म्हणजे आज आहे, उद्याचं सांगता येत नाही.

मी विचारलं, "बाप कुठं आहे?"

"हाय जी."

"कुठं आहे?"

"हाय."

"जिवंत आहे का?"

त्याने मान खाली घातली. हाताची बोटं एकमेकांत अडकवली. त्या बोटांवर दगडाचे पांढरे बारीक व्रण होते.

"ग्रामसेवकाला एक सांगितलंस, पाटलांना दुसरं. मला काय सांगतोस?"

"तुमाले काई नाई सांगत जी."

"का?"

"तुमाले खोटं सांगतलं त मार पडंल. खरं सांगतलं त वस्ती जाईल."

एवढं बोलून तो गप्प झाला तो झालाच. दुपारपर्यंत मी त्याला आडून विचारलं, उभ्याने विचारलं, चहा पाजून विचारलं. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. जमादार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, दोन तास माझ्याकडे द्या. पोपटासारखा बोलेल." मी नाही म्हटलं. मार देऊन काढलेला जबाब कोर्टात टिकत नाही, आणि बहुतेक वेळा खराही नसतो. शिवाय त्याचं ते एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. घराच्या लोभाने बाप मारणारा माणूस म्हणाला असता, खरं सांगितलं तर मी जाईन. हा म्हणत होता वस्ती जाईल. मी त्याला घरी जाऊ दिलं. जमादारांनी त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पण माझ्यापुढचा पेच खरा होता. माणूस गायब होता. पाहणी समिती चार दिवसांवर होती. गावातली काही मंडळी थेट वरिष्ठांना फोन करत होती, आणि वरिष्ठ मला. खुनाचा गुन्हा दाखल केला तर मुलगा आत जाणार, वर्तमानपत्रात वस्तीचं नाव येणार आणि गावाच्या अर्जाला आयतंच बळ मिळणार. मग वसाहतीचा दुसरा टप्पा कागदावरच राहिला असता. नाही केला, आणि खरोखर खून असला, तर मी खुनी मोकळा सोडला असं झालं असतं. मला दोन्ही नको होतं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

दोन पंच घेऊन आम्ही पुन्हा वस्तीवर गेलो. म्हाताऱ्याच्या घराची जमीन तपासायची होती. पोलीस पाटील बरोबर होते, गावातले आणखी काही लोक लांब उभे होते. ऊन असं, की टिनाच्या छपरांकडे बघवत नव्हतं. जमादारांनी घरातली फरशी काठीने सगळीकडे ठोकून पाहिली. कुठेही पोकळ आवाज नाही, कुठेही नवीन सिमेंट नाही. घर रिकामं होतं. चुलीत राख नव्हती. खुंटीला म्हाताऱ्याचा सदरा तेवढा होता.

आम्ही मागे आलो. मागच्या बाजूला, म्हाताऱ्याच्याच जागेच्या हद्दीत, मोहाचं एक मोठं झाड होतं. नवी पालवी फुटून दाट झालेलं. वस्तीतली बायका-माणसं मात्र घरांच्या मागच्या भिंतींना टेकून बसलेली. तिथे छपराची वीतभर सावली, तीही सरकत चाललेली. एक बाई मांडीवरच्या लेकराच्या डोक्यावर पदर धरून उन्हातच बसली होती. दहा पावलांवर मोहाखाली थंडगार सावली पडली होती आणि तिथे माणूस तर सोडाच, कोणी शेळीही बांधली नव्हती.

आमच्या या झाडीपट्टीत मे महिन्यात सावली रिकामी राहत नाही. माणसाने सोडली तर कुत्रं बसतं, कुत्र्याने सोडली तर म्हैस. मी तिकडे बघत राहिलो. झाडाच्या बुंध्याशी एक मोठा पाटा जमिनीवर सपाट ठेवलेला होता. वस्तीत बाकीचे पाटे भिंतींना उभे टेकवलेले होते, विकायला. हा एकच आडवा. त्याच्यावर टाकीचे ताजे, बारीक ठोके होते, एकसारख्या ओळींत.

माझ्या मनात काहीतरी जुळत होतं, पण जमादार तिथेही दोन पावलं पुढे निघाले. घामाने भिजलेले, हातात पंचनाम्याचे कागद. त्यांनी ती सावली पाहिली, तो पाटा पाहिला आणि, "साहेब, इथं बसून लिहून घेतो," म्हणत पाट्यावर बसले.

सगळी वस्ती एकदम उभी राहिली. आणि म्हातारी, जी आम्हाला 'मले नका इचारू' एवढंच म्हणाली होती, ती धावत आली.

"उठ बाबा! उठ! त्याच्या छातीवर नोको बसू!"

जमादार विंचू चावल्यासारखे उठले. कागद खाली पडले.  म्हातारीने पाट्याजवळ बसून पदराने तो पुसला. मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

मी त्याच्याजवळ गेलो आणि त्याच्यासारखाच उकिडवा बसलो. गुडघे तेव्हाच कुरकुरत होते, पण उभ्याने विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता.

"कसा गेला?"

"खोकलून जी. दगडाची भुकटी छातीत बसली होती. सकाळी पाणी मांगलं. पाणी आणलं त गेला."

"भिंत का फोडली?"

त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. एवढं साधं कसं कळत नाही, असं.

"मेला माणूस जित्याच्या दारानं जात नाई जी. पालाची मागची बाजू उचलतो, तिकडून नेतो. पाल असतं त उचललं असतं. भिंत कशी उचलाव? म्हणून विटा काढल्या. सुतक फिटलं की लावणार होतो. सरकारी हाय, म्हणून नीट रचून ठेवल्या."

"आणि इथं पुरलं?"

"त्यानंच सांगतलं होतं. म्हणे, मले रस्त्यात टाकू नोको. माह्या नावाची जमीन हाय, तिच्यात ठेव."

"मग लपवलं काऊन?" मीही त्यांच्या बोलीवर आलो होतो.

 तो गावातल्या लोकांकडे न बघता बोलला.

"मागं माह्या भावाची पोरगी मेली. गावाच्या मसणात नेली त वापस पाठवलं. म्हणे, तुमी इथले नाई. मग तिले नहराच्या काठानं ठेवली. आता इथं ठेवला सांगतलं असतं त म्हटले असते, घरात मुर्दा गाडला, पाणी बाटवलं, काढा वस्ती. साहेब, आमी पयलेपासून असंच करत आलो. माणूस गेला, मागून काढला, जागेवर ठेवला, अन् दिवस उगवाच्या आधी पालं उचलली. कोणी कधी इचारलं नाई. आमी निघून जात होतो, म्हणून नाई इचारलं. या खेपेस थांबलो, म्हणून तुमी इचारून राहिले."

मी नोकरीत पुष्कळ कबुलीजबाब ऐकले. हा ऐकून मला वाईट वाटलं, आणि ते मी जमादारांपासून लपवलंही नाही. या लोकांनी पिढ्यानपिढ्या चालत आलेलं सगळं नेमकं तसंच केलं होतं. निघून जाणं तेवढं राहिलं. घरं पक्की असल्यामुळे ती उचलून नेता येत नव्हती, आणि त्यामुळेच आज ते खुनाच्या संशयात सापडले होते.

पण कायद्याला शब्द पुरत नाही. मृत्यूची नोंद नाही, डॉक्टरांचा दाखला नाही, खुनाचा संशय गावभर. अशा वेळी प्रेत उकरूनच पाहावं लागतं, आणि तेही कार्यकारी दंडाधिकारी असलेल्या तहसीलदारांच्या समक्ष. मी आकस्मिक मृत्यूची नोंद घेऊन पत्र पाठवलं. म्हातारी माझ्या पाया पडली. नोको उकरू म्हणाली. मी तिला म्हटलं, "आजी, नाही उकरलं तर तुमच्या पोराला घेऊन जावं लागेल." ती उठून घरात गेली. त्या वाक्याचा मला आनंद नव्हता, पण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदार बाई आल्या. वयाने तरुण, कामाला चोख. वैद्यकीय अधिकारी आले. मोबाईलवर चित्रीकरण सुरू झालं. मुलाने पाटा स्वतः सरकवून बाजूला केला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. डॉक्टरांनी तपासणी तिथेच आडोसा करून केली. अंगावर मार नाही, गळ्याभोवती खूण नाही, छाती मात्र दगडफोड्या माणसाची. नैसर्गिक मृत्यू, असं त्यांनी तोंडी सांगितलं आणि मग लेखी दिलं. खुनाचं प्रकरण तिथे संपलं.

आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. म्हातारा नव्या चादरीत गुंडाळून मोहाखाली ठेवलेला. मुलगा तहसीलदार बाईंना म्हणाला, "आता याले कुठं ठेवू जी?"

राहत्या जागेत पुन्हा पुरायला परवानगी देता येत नव्हती. गावाच्या स्मशानात गाव घेत नव्हतं. वसाहतीच्या नकाशात घरं होती, रस्ता होता, विजेचे खांब होते, समाजमंदिर होतं. स्मशानभूमी नव्हती. नकाशा करणाऱ्यांनी या लोकांच्या जगण्याचा विचार बऱ्यापैकी केला होता. यातलं कोणी मरेल हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पोलीस पाटील पुढे आले. "इथं नाई चालणार, मॅडम. पावसाचं पाणी इकडून थेट तलावात जाते. माह्या पणज्यानं बांधला तो. सारं गाव त्याच्यावर जगते."

 म्हातारीने विचारलं, "तुमचा पणजा कुठं हाय, पाटील?"

"कुठं म्हंजे? तलावाच्या पाळीवर त्याचा चबुतरा हाय. दिवाळीले दिवा लावतो."

"चांगलं हाय," म्हातारी म्हणाली. "माह्या सासऱ्याले आमी कुठं ठेवला ते मले आठवत नाई. देवरीकडं होतो का साकोलीकडं होतो, रस्ता होता येवढं ध्यानात हाय. दिवा कुठं लावू?"

तिने हे भांडायला म्हटलं नव्हतं. विचारल्यासारखं विचारलं होतं.  पोलीस पाटलांनी टोपी काढून डोकं पुसलं, पुन्हा घातली. मग माळाच्या वरच्या टोकाकडे हात केला.

"त्या अंगाले ठेवा. तिकडचं पाणी तलावात नाई येत, नाल्याले जाते. तिथं ठेवलं त माह्या गावाची हरकत नाई. पण त्याच्या अल्याड एक बी नाई, सांगून ठेवतो."

मागे उभ्या गावकऱ्यांत चुळबुळ झाली. पाटलांनी मागे वळून एवढंच म्हटलं, "काऊन? तुमाले काई म्हणाचं हाय का?" कोणाला काही म्हणायचं नव्हतं.

तहसीलदार बाईंनी नकाशा पाहिला. वरच्या टोकाची जागा समाजमंदिरासाठी राखून ठेवलेली होती. त्यांनी वस्तीतल्या लोकांना जवळ बोलावून समजावलं, की जागा बदलता येईल, मी तसा प्रस्ताव पाठवते, पण मग समाजमंदिराला जागा उरणार नाही आणि त्याचा निधी परत जाईल. विचार करून सांगा.

विचार करायला कोणी बाजूला गेलं नाही. म्हातारीने उत्तर दिलं.

"बसाले आमी झाडाखाली बसू, बाई. आमाले निजाले जागा द्या."

दुपार व्हायच्या आत म्हाताऱ्याला वरच्या टोकाला ठेवलं. पाटा नेताना तो दोघांना उचलेना. जमादार पुढे झाले आणि त्यांनी एक बाजू धरली. वाटेत ते एकदाही थांबले नाहीत.

पाहणी समिती ठरल्या दिवशी आली. भिंतीच्या विटा तोवर परत लागल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मूळच्यापेक्षा पक्क्या. दुसरा टप्पा मंजूर झाला. मागाहून कळलं, की वस्तीने समितीकडे एकच मागणी केली होती. पुढची घरं बांधाल तेव्हा मागच्या बाजूलाही एक दार ठेवा. अभियंत्याने त्याचं कारण 'खेळती हवा' असं लिहिलं आणि मागणी मान्य झाली.

या केसने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, की माणूस लपवतो आहे एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही. त्याला कशाची भीती आहे ते आधी बघा. दुसरं सांगतो ते पोलिसांपुरतं नाही. सरकार पैसा घालून भिंती उभ्या करतं, नळ देतं, ते द्यायलाच हवं. पण वर्षानुवर्षं हाकललेल्या माणसाला ती जागा आपली कधी वाटेल, हे निविदेत लिहून ठरत नाही. त्यासाठी शेजारच्या गावानेही थोडं सरकून जागा करावी लागते. पोलीस पाटलांनी ती केली, स्वतःच्या अटीवर का होईना. त्यांच्या खबरीमुळे मुलगा तुरुंगाच्या दारात पोचला होता, आणि त्यांच्याच एका वाक्याने म्हाताऱ्याला जागा मिळाली. माणूस एका बाजूने पाहून संपत नाही, हे मी तेव्हापासून विसरलो नाही.

प्रकरण बंद करण्यासाठी वारसाचा शेवटचा जबाब लागतो. मुलगा ठाण्यात आला. चपला बाहेर काढल्या, भिंतीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं आणि खुर्चीच्या कडेवर बसला. जमादारांनी जबाब लिहिला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवायला घेतला. नाव. वय. धंदा टाकी लावणे. राहणार फिरस्ता, हल्ली मुक्काम...

"थांबा जी," तो म्हणाला. "ते चुकलं."

"काय चुकलं?"

"ते हल्ली मुक्काम खोडा. राहणार लिहा."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी ओळ खोडली, बाजूला आपली सही केली, आणि गावाचं नाव लिहिलं, खाली तालुका, त्याखाली जिल्हा गोंदिया. एरवी त्यांचं अक्षर मलाही लागत नसे. त्या दिवशी त्यांनी सावकाश लिहिलं. मग कागद त्याच्यापुढे सरकवून विचारलं, "आता नक्की ना? उद्या परत पाल उचलून जाशील आणि मला समन्स घेऊन फिरवशील."

"नाई जी," तो म्हणाला. "माहा बाप तिथं हाय. मी अजून कुठं राहीन?"